मातीची वाट पाहणारी टोपली

मी माती वाहायची टोपली आहे. पण माझ्यात मातीचे एक ढेकूळही कधी पडले नाही.

समुद्रपूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला बांबूकाम करणाऱ्यांची लहानशी वस्ती आहे. तिथे सोनबा आणि त्याची बायको रामबाई यांच्या हातून मी झाले, छप्पन सालच्या पोळ्यानंतर. त्याआधीचे सारे मी रामबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे, की मी ते पाहिलेच असे वाटते.

आदल्या हिवाळ्यात सोनबा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. येताना खोकला घेऊन आला. पावसाळा संपत आला तरी तो खोकला जाईना. रामबाईने मनात एकच धरले होते, आता काही झाले तरी नवऱ्याला खाणीत जाऊ द्यायचे नाही.

पोळा झाला आणि कोतवाल नत्थू डफडे घेऊन वस्तीत आला. त्याच्या मागून विकास गटाचे साहेब पायी आले. साहेब मनाचे चांगले होते. म्हणाले, "मागे रस्ता केला तेव्हा टोपल्या ऐनवेळी नागपूरच्या कंत्राटदाराकडून घ्याव्या लागल्या. तुम्ही एवढे कारागीर इथे असून तुम्हाला पत्ताच नव्हता. म्हणून यंदा आधीच सांगून ठेवतो. दिवाळी झाली की तलावाचे काम निघेल, असा अंदाज आहे. टोपल्या पुष्कळ लागतील."

नत्थूने डफडे वाजवून तेच पुन्हा सांगितले. अंदाज आहे, हेही त्याने सोडले नाही. पण देवी टोचायला डॉक्टर येणार असे डफडे वाजले की डॉक्टर येतच. कोंडवाड्यातल्या ढोरांचा लिलाव वाजला की लिलाव होईच. डफड्याने सांगितले आणि घडले नाही, असे वस्तीत कोणाला आठवत नव्हते. अंदाज सगळ्यांनी ऐकला आणि सगळे त्याला हुकूम समजले.

"आता खाणीचं नाव नका काढू," रामबाई नवऱ्याला म्हणाली. "सरकारनंच घरी काम आणून देलं."

"मी कुठं काढून राह्यलो? हा खोकलाच काढून राह्यला," सोनबा हसत म्हणाला.

सोनबा जंगलातून बांबू आणी, कामट्या काढी. रामबाई विणी. माझा काठ आवळून झाला तेव्हा सोनबाने मला पायाने दाबून पाहिले. "ह्यात नत्थूभाऊले बसोलं तरी बूड जात नाई!"

"मले काऊन? तुह्या बायकोले बसव नं," नत्थू म्हणाला.

"मी बसली तर विणन कोण? तुमचं डफडं?" रामबाईने त्याला गप्प केले. सगळे हसले, सोनबा खोकेपर्यंत हसला.

पडवी टोपल्यांनी भरली. दिवाळी सरता सरता कापूस फुटला. हे जोडपे दरवर्षी महादेवराव पाटलांच्या वावरात वेचणीला जाई. त्यावर त्यांचा हिवाळा निघे. पाटील स्वतः विचारायला आले.

"काय रे सोनबा, वेचणीले येतं का नाई?"

"यंदा नाई जमत, पाटील. सरकारचं काम हाय."

"काम निघालं का?"

"निघन नं. डफडं वाजलं."

"डफडं भाकर देईन का तुले?" पाटील म्हणाले, आणि त्यांनी दुसरी माणसे लावली.

त्याच दिवाळीत आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. साहेबांची बदली जबलपूरकडे झाली. नव्या सरकारची मंजुरी यायची म्हणून तलावाचे काम चैत्रावर गेले. कचेरीत हे माहीत होते. कंत्राटदारालाही माहीत होते. तो कचेरीच्या ओसरीवर बसलेलाच असे. आमच्या वस्तीत मात्र कोणी सांगायला आले नाही. काम निघायचे डफडे वाजले होते, काम लांबल्याचेही वाजवावे हे कोणाला सुचले नाही.

सोनबा दोनदा समुद्रपूरला जाऊन आला. "साहेब बदलले, मग येजो," एवढेच शिपायाने सांगितले. पाटलांकडे गेला तर तिथे जागा उरली नव्हती. घरातली ज्वारी सरली. ओल्या बांबूला भुंगा लागला आणि आमच्या अंगातून पीठ गळू लागले. मार्गशीर्षात सोनबाने पुन्हा खाणीवर जायला गाठोडे बांधले.

"खोकला तरी इथं ठेवून जा," रामबाई म्हणाली. तिला हसायचे होते, पण जमले नाही.

"तो माहा सोबती हाय. एकटा कसा जाऊ? होळीले येतो."

होळीला खाणीवरून त्याचा भाऊ पुनाजी एकटाच आला. त्याच्या हातात सोनबाचे धुतलेले धोतर होते. रामबाईने ते घेतले. कपाळाचे कुंकू पुसले.

चैत्रात नवे साहेब वस्तीत आले. तलावाचे काम निघाले होते, आणि कंत्राटदाराचा माल कमी पडला होता. "बाई, इथे टोपल्या करून ठेवल्यात असे ऐकले. आहेत का?"

रामबाईने चुलीकडे बोट केले. माझ्या सगळ्या बहिणी एकेक करून तिथे जळाल्या होत्या. मी तेवढी उरले होते. साहेबांनी मला उचलले. त्यांच्या बुटांवर पीठ सांडले.

"अरेरे! काम रद्द नव्हते झाले, नुसते लांबले होते. ठेवल्या असत्या तर सगळ्या घेतल्या असत्या."

"टोपल्या होत्या, साहेब," रामबाई म्हणाली. "माणूस बी होता."

साहेबांनी मला हलकेच खाली ठेवले. दुसऱ्या दिवसापासून रामबाई तलावावर जाते. कंत्राटदाराच्या लोखंडी घमेल्यात दिवसभर माती वाहते. मी पडवीत उपडी असते. माझे बूड आता हाताने दाबले तरी जाईल.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या असे सांगायला निघालात तर जरूर सांगा, आणि लवकरच सांगा. त्या पहिल्या साहेबांच्या सांगण्यात काही वाईट नव्हते. पण ठरलेले बदलले, तर त्याच वाटेने परत या आणि तेही सांगा. काम लांबले, एवढेच दिवाळीत कोणी येऊन सांगितले असते, तर सोनबा हिवाळाभर पाटलांच्या वावरात कापूस वेचत राहिला असता.