वाळवीचा आठवडा

तिला घरात वाळवी म्हणत. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. हाताला लागेल ते पुस्तक फस्त करायची म्हणून. आणि नेमका अशा बाईच्या मागे हा थकवा लागला. साधासुधा नव्हे हो! केस धुतले की दिवस संपला. चार ओळी वाचल्या की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगून बजावलं होतं, "अंगात असेल तेवढीच ताकद खर्च करा. आणि विसरायला व्हायला लागलं तर लगेच कळवा." नातेवाईक म्हणत, "थकतो तर आम्हीही!" त्यांच्यापुढे काय कपाळ फोडणार?

ते 'विसरायला' तिच्या डोक्यात घर करून बसलं. तिची आत्या शेवटी शेवटी हातातल्या चमच्याकडे बघून "हे काय असतं गं?" विचारायची. अंग गेलं तर गेलं, पण डोकं जाऊ नये, एवढीच तिची धास्ती होती. सकाळी डोळे उघडले की ती आधी कालच्या पुस्तकाची मनात उजळणी करून बघायची. आठवलं की मग श्वास सोडायची.

पुस्तकं आता नवरा वाचून दाखवायचा. तो टेलर. शिवणकाम थोडं, आल्टरचं जास्त. ढगळ असेल ते आत घ्यायचं, लांब असेल ते आखूड करायचं, आणि ते असं की कुठे हात लावलाय हे कपडा घालणाऱ्यालाही कळता कामा नये. या गोष्टीचा त्याला भारी तोरा. दुकानातून आला की हातपाय धुऊन पलंगाशी खुर्ची ओढायचा आणि चष्मा चढवायचा. स्वतःला वाचनाची फारशी गोडी नव्हती, पण बायकोसाठी एक दिवस चुकवला नाही.

सोमवारी त्याने विहिरी खणणाऱ्या एका कुटुंबाची जाडजूड कादंबरी काढली. ग्रंथपाल बाईंनी मुद्दाम पाठवली होती. मंगळवारी बापलेकांचं भांडण रंगात आलं आणि वाळवी उशीवर कोपर टेकून चक्क अर्धी उठून बसली. त्याची किंमत बुधवारी मोजावी लागली. पाण्याचा पेला उचलेना. त्या दिवशी त्याने बाईंनीच दिलेलं डोंगरातल्या प्रवासाचं एक हलकंफुलकं पुस्तक हळू आवाजात वाचलं, ती डोळे मिटून ऐकत राहिली. शुक्रवारी कादंबरी संपली. एवढं जाडं पुस्तक इतक्यात संपलं याचं तिला नवल वाटलं, पण तो म्हणाला, "अक्षर मोठं होतं."

रविवारी संध्याकाळी ग्रंथपाल बाई आल्या. नवरा स्वयंपाकघरात चहा करत होता.

"ताई, ती धाकटी कशी वाटली हो तुम्हाला?" बाईंना धीर निघेना. "वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली पोरगी, आणि पाणी कुठे लागेल ते तीच सांगते! मी तर ढसाढसा रडले."

कोण धाकटी? वाळवीला कळेना. बाप आठवत होता, दोन भाऊ आठवत होते. धाकटीचा मागमूस नव्हता.

"हो, छान आहे," ती कशीबशी म्हणाली.

"आणि प्रवासाच्या पुस्तकात तो बर्फात अडकतो ते?"

तेही नव्हतं. बर्फच नव्हता! तिने मान डोलावली. बाई बोलत होत्या, ती हसत होती, आणि आत एकच धोशा चालला होता: गेलं. डोकंही गेलं.

बाई गेल्यावर तिने नवऱ्याला जवळ बसवलं.

"उद्यापासून वाचू नका," ती म्हणाली. "भोकं पडलेल्या हंड्यात पाणी भरताय तुम्ही. मला काही आठवत नाही. डॉक्टरांना कळवा. आत्याचं झालं तेच माझं होणार." आणि तिला रडू फुटलं. रडायलाही ताकद लागते, पण ते तिला आवरेना.

"अगं, काय आठवत नाही?"

"धाकटी! अख्खी मुलगी विसरले मी!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो चष्म्याची काडी उघडमिट करायला लागला.

"तू नाही विसरलीस," तो म्हणाला. "मी वाचलीच नाही. आत घेतली."

"म्हणजे?"

"लांबण लागली की तुला त्रास होतो. मग दुकानात बसून आधी बघून ठेवतो. जड वाटेल तेवढं काढतो आणि मागचं पुढचं जुळवून घेतो. जोड कळत नाही." शेवटचं वाक्य म्हणताना बिचाऱ्याच्या आवाजात सवयीने जरासा तोरा आलाच.

डोकं शाबूत होतं! तिला एकदम हसू आलं, त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ती भडकली.

"कधीपासून?"

"तू पडलीस तेव्हापासून. सगळ्यांतलंच थोडं थोडं."

"आणि ही धाकटी? ती कशाला काढलीत?"

तो खाली बघत पुटपुटला, "ती तुझ्यासारखी पडून असते. ऐकून तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे पडून असलेल्या माणसाला काढलं तरी गोष्टीचं काही अडत नाही, असंच ना?"

"असं नको गं बोलू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग काय बोलू? डोकं गेलं असं वाटून केवढी घाबरले होते मी! माझी ताकद मूठभर आहे, पण ती माझी आहे. कशावर संपवायची ते मी ठरवीन. आणा ते पुस्तक. धाकटी येते तिथून वाचा."

"आज नको. आधीच इतकी रडलीस. उद्या वाचू."

"आत्ता."

त्याने पुस्तक आणलं. धाकटी पहिल्याच प्रकरणात होती, खिडकीशी टाकलेल्या खाटेवर. दोन पानं झाली आणि वाळवीचे हात जड झाले, पापण्या मिटायला लागल्या. तो थांबला.

"वाचा," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपले तरी वाचा."

उद्या तिला उठवणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो घसा साफ करून पुढे वाचायला लागला, एकही ओळ न गाळता.