डोळा उघडेपर्यंत

दादाने वहिनीचं डोकं चौकटीवर आपटलं तेव्हा बारकी जिन्यात होती. आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. पाठोपाठ दार उघडलं आणि शर्टाच्या बाह्या खाली करत दादा उतरला. धाकट्या बहिणीला पाहून हसला. म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस गं." आणि गेला आपल्या कारखान्यात, लोखंडी दारं-जाळ्या जोडायला.

वर वहिनी ओला पंचा डोक्याला दाबून बसली होती. रक्त कानामागून गळ्यात उतरत होतं.

"पडले हो वन्सं," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून वहिनी सारखी पडतच होती. बारकीने तेही ऐकून घेतलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? आई म्हणायची, तापट आहे, पण मनाने वाईट नाही. शेजारी तर टीव्हीचा आवाज वाढवून मोकळे. पण ते रक्त पाहून बारकीच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, फोटो काढून ठेव."

"फोनमध्ये? ते रोज फोन उघडून बघतात. माझ्या बहिणीच्या बाळाचे फोटोसुद्धा पुसून टाकले."

बारकी कॅमेऱ्यांच्या दुकानात गल्ल्यापुढच्या कपाटाशी उभी राहून माल विकायची. कपाटाच्या खालच्या फळीवर साबणाच्या वडीएवढा एक स्वस्तातला डिजिटल कॅमेरा कधीचा पडून होता. दुसऱ्याच दिवशी तो घेऊन ती हजर झाली आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं वहिनीला सांगू लागली.

"आधी गुण ऐक. मुठीत मावतो. साध्या पेन्सिल सेलवर चालतो. इंटरनेटशी संबंध नाही, म्हणजे काढलेला फोटो आपल्यापाशीच राहतो."

"आणि अवगुण?"

"झोपाळू आहे. चालू केला की कुरकुरत नळी बाहेर काढतो, मग डोळा उघडतो. बटण दाबल्यावरही फोटो जरा सावकाशच निघतो. अंधार पडला की आंधळा."

"म्हणजे अगदी मामंजी होते तसा," वहिनी म्हणाली आणि दोघी हसल्या. हसताना वहिनीचा फाटलेला ओठ पुन्हा उलला आणि रक्ताचा थेंब हनुवटीवर आला.

कॅमेरा धुण्याच्या पावडरच्या डब्यात लपला. पहिले फोटो वाया गेले. फ्लॅश आपोआप पेटला आणि वळांनी भरलेला दंड पांढराफटक, जणू पावडर थापलेला दिसला. बारकीने मग फ्लॅश बंद करायला शिकवलं. खिडकीशी उभी राहा, जवळून काढायचा तर फुलाच्या खुणेवर ठेव, हात भिंतीला टेकव.

पुढच्या खेपेला मात्र एक फोटो लख्ख निघाला होता. वहिनीचा गळा. त्यावर बोटांचे काळेनिळे ठसे, एकेक वेगळा. त्यातला एक ठसा आखूड होता. पत्रा कापताना दादाच्या बोटाचं पेर उडालं होतं, ते हे बोट. लहानपणी शाळेत जाताना बारकी हाच हात धरायची. फोटो उतरवून ठेवायचा तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर चारचौघांत उघडावा लागणार, याची तिला लाज वाटली. पुढच्या वेळी बघू, म्हणून कॅमेरा तिने परत डब्यात ठेवून दिला.

पुढची वेळ वाईट आली. कारखान्यातली वीज गेली म्हणून दादा भर दुपारी घरी आला. दोघी मोरीत कपडे पिळत होत्या. दार उघडायला थोडा उशीर झाला, एवढंच.

"कोणाला लपवत होतीस?" त्याने वहिनीला केसांना धरून आत खेचलं आणि ती पडताच बुटाने लाथ घातली. लोखंडी टोकाचे, कामावरचे बूट. बरगडीवर बसलेली लाथ बारकीने मोरीच्या दारातून पाहिली. दुसरीही पाहिली. ओरडायचं सोडून तिने डबा उपसला.

कॅमेरा कुरकुरला. नळी बाहेर यायला लागली. दादाचा पाय मागे गेला, बारकीने बटण दाबलं, पाय वहिनीच्या पोटात बसला, वहिनी दुमडली, पाय खाली टेकला, आणि मग कुठे फोटो निघाला. कंबरेवर हात ठेवून उभा असलेला भाऊ, आणि जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी वहिनी. घाईत फ्लॅशही लखलखला.

दादा वळला. "काय आहे ते?"

तिने हात पाठीमागे नेला. त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. दात तुटून जिभेवर आला. कॅमेरा फरशीवर आपटला, सेल गडगडत पलंगाखाली गेले. दादाने टाच दिली. एकदा, मग पुन्हा पुन्हा, चुरा होईपर्यंत. बोटाच्या नखाएवढं कार्ड बाहेर पडलं होतं, तेही त्याने तुडवून मोडलं.

"सख्ख्या भावावर पाळत?" म्हणत त्याने बारकीचा गळा धरला. आखूड बोट तिला मानेवर वेगळं कळलं. डोळ्यांपुढे काळोखी आली.

अचानक पकड सुटली. वहिनीने इस्त्री उचलून त्याच्या कोपरावर घातली होती. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुडघ्यावर कोसळला तशी तिने दुसरा घाव खांद्यावर घातला आणि तिसऱ्यासाठी हात उगारला.

"वहिनी, बास! मरेल तो!"

"मरू दे!" वहिनी किंचाळली. पण इस्त्री तिच्या हातून गळली. बारकीने तिला सावरलं आणि दोघी अनवाणी जिना उतरल्या.

पोलीस चौकीत बाई अधिकारी होत्या. बरगड्या धरून वहिनी बाकावर आडवी झाली होती. "काही पुरावा?" बाईंनी विचारलं.

"फोटो होते. मोडले," बारकी म्हणाली.

"मग तुम्ही सांगा. डोळ्यांनी पाहिलंय ना?"

भावाविरुद्ध आपल्याला बोलावं लागू नये म्हणूनच तर बारकीने कॅमेरा आणला होता. तेवढ्यात निरोप मिळून आई धापा टाकत आली. "त्याचा हात मोडलाय गं! घराची अब्रू वेशीवर टांगू नकोस. तुझा भाऊ आहे तो!"

"हो, भाऊच आहे," बारकी सुजलेल्या तोंडाने म्हणाली आणि बाईंकडे वळली. "लिहून घ्या." जिन्यात ऐकलेल्या आवाजापासून तिने सगळं सांगितलं. मध्येच आई उठून गेली.

खटला रेंगाळला. तोवर दोघी भाड्याच्या खोलीत राहू लागल्या होत्या. वहिनीने इस्त्री मारली ती नणंदेचा जीव वाचवायला, हेही बारकीलाच कोर्टात उभं राहून सांगावं लागलं. दादाच्या वकिलाने विचारलं, "भावाशी तुमचं जुनं वैर होतं का?"

"नाही. माझा फार जीव होता त्याच्यावर," ती म्हणाली. दादाने मान वर केली नाही.

त्याला शिक्षा झाली. आई बारकीशी बोलायची बंद झाली. निकालाच्या दिवशीही समोरून आली आणि भिंतीकडे बघत निघून गेली. बारकी कोर्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. वहिनी शेजारी बसली, तिचं रडणं पुरं होऊ दिलं.

"चला वन्सं, घरी जाऊ."

"आता कसली वन्सं मी तुझी?"

"मग काय म्हणू?"

बारकीने नाक पुसलं आणि उठण्यासाठी वहिनीचा हात धरला.