पाळण्यावरची पाटी

कुलदीप तांबे पूर्वी खरोखर विनोदी लिहायचा, हे निशिगंधाने ऐकले होते. पाहिले कधीच नव्हते. भोसरीच्या एका कारखान्यात ट्रेनी असताना सुरक्षा सप्ताहात त्याने एक नाटुकले बसवले होते. त्यात हेल्मेट न घालणारा कामगार मेल्यावर यमाकडे ओव्हरटाइम मागतो. मॅनेजरसुद्धा खुर्चीवरून पडायचे बाकी होते, असे सांगणारी माणसे पिंपरीत अजून भेटतात. तिथून कामगारांच्या एकांकिका स्पर्धा, मग मुंबई, मग चॅनेल. आता तो ‘हास्याचा ओव्हरटाइम’ या कार्यक्रमाचा शोरनर होता, म्हणजे कोणी काय लिहायचे, कोणी काय बोलायचे आणि कोणाला केव्हा काढायचे हे ठरवणारा माणूस. चढत्या पायऱ्यांवर एकेक ओझे टाकत जावे तसे त्याने सगळ्यांत आधी लिहिणे टाकले होते.

लिहायची निशिगंधा. बीडकडून चिखलीत आलेल्या केकाणांची मुलगी. बाप पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमधून निवृत्त झालेला, आई यशोदाबाई. सलग दोन सीझन कार्यक्रमातली निम्म्याहून जास्त स्किटे तिची होती. प्रत्येक स्किट संपले की चित्र गोठायचे आणि त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत पाटी यायची : ‘संकल्पना, लेखन, दिग्दर्शन – कुलदीप तांबे.’ तिचे नाव अगदी शेवटी पळणाऱ्या यादीत, ‘लेखन साहाय्य’ या सदरात होते. ती यादी सुरू झाली की पुढच्या सेकंदाला बनियनची जाहिरात लागायची.

यशोदाबाईंनी मात्र सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवले होते. दर शनिवारी त्या टीव्हीच्या इतक्या जवळ बसत की मागच्यांना काही दिसत नसे.

“आलं का गं नाव?”

“पुढच्या सीझनला येईल, आई.”

“मागच्या सीझनलाबी पुढचाच सीझन हुता.”

निशिगंधाने कुलदीपला तीनदा विचारले होते. तिन्ही वेळा तो गहिवरून बोलला. “निशि, तुझं नाव लावायचंय गं मला. पण लोकांना एक चेहरा लागतो. आणि लिहायला काय, कोणीही लिहील. संकल्पना महत्त्वाची.”

कार्यक्रमाचे शूटिंग कुरुळीच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये होई. मुंबईत स्टुडिओ परवडत नाही, हे खरे कारण होते. ‘मातीशी नाळ’ हे मुलाखतीत सांगायचे कारण होते. शेड गावच्या अण्णासाहेबांची. कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी जमीन विकली, त्या पैशांतून शेडा बांधल्या, शेडांच्या भाड्यातून नाव कमावले आणि ते नाव जागा मिळेल तिथे लावले. बसथांब्यावर, बाकावर, पाणपोईवर, पिंपळाच्या पारावर, सगळीकडे एकच मजकूर : ‘संकल्पना व सौजन्य – अण्णासाहेब.’ गतिरोधकाच्या शेजारीही तशी पाटी होती. रस्त्यावर आडवा उंचवटा असावा ही कल्पना जणू जगात पहिल्यांदा कुरुळीत सुचली होती. कार्यक्रमाचे मुख्य प्रायोजकही तेच होते.

ठिणगी पडली ती डब्यावरून. दिवाळीला वडिलांच्या कंपनीतून मिळालेला, जेवण गरम ठेवणारा डबा यशोदाबाईंनी एका लग्नात आहेर म्हणून दिला होता. देण्याआधी त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावला, कारण तो कुठवर फिरतो ते त्यांना बघायचे होते. चार लग्ने फिरून तो डबा वास्तुशांतीला त्यांच्याच घरी परत आला. निशिगंधाने त्यावर स्किट लिहिले, ते गाजले. मग एका दुपारी सेटवर एक मुलाखतकार आला आणि कुलदीपने त्याला सांगितले, “तो माझ्या आईचा प्रसंग आहे. माझी आई अशीच. ठिपका लावणारी.”

कुलदीपची आई बँकेतून निवृत्त झालेली होती आणि आहेर पाकिटातून देत असे.

स्किट चोरले याचे निशिगंधाला आता फारसे वाटत नव्हते. आई चोरली, याचे वाटले. ती बाहेर जाऊन बसथांब्याच्या बाकावर बसली. उठताना पाठीला पाटीचा स्क्रू रुतला. वळून तिने पाटी वाचली आणि बस आली तरी वाचतच राहिली.

नवीन स्किटमध्ये दादासाहेब नावाचा एक पुढारी होता. हातात ड्रिल मशीन, काखेत पाट्यांचा गठ्ठा. कोणी रोप लावले की हा येऊन पाटी ठोकतो : ‘संकल्पना – दादासाहेब.’ कोणी विहीर उपसली, पाटी. कोणाची म्हैस व्याली, पाटी. शेवटी शेजाऱ्याकडे बारसे असते. बायका पाळणा म्हणत असतात, दादासाहेब गर्दीतून वाट काढत येतात आणि पाळण्यालाच पाटी ठोकतात. बाप पाटी वाचतो. मग बायकोकडे बघतो. मग दादासाहेबांकडे. चित्र गोठते.

दादासाहेबांच्या तोंडी तिने दोन वाक्ये घातली होती. “लोकांना एक चेहरा लागतो,” आणि “काम काय, कोणीही करील हो. संकल्पना महत्त्वाची.” एका शब्दाचाही फेरफार केला नव्हता. कुलदीपने ओळखले तर नोकरी जाणार हे तिला ठाऊक होते. आणि नावाचा विषय कायमचा संपणार, हेही.

वाचन त्याच्या केबिनमध्ये झाले. कुलदीप मोठ्याने वाचत होता. ‘एक चेहरा लागतो’ या वाक्याशी आला आणि थांबला. ते त्याने मनाशी पुन्हा वाचले. निशिगंधाने पर्सचा पट्टा हातात घेतला.

“अण्णासाहेब,” तो म्हणाला. “अगदी अण्णासाहेब. आवाजसुद्धा ऐकू येतोय मला त्याचा. कुठून उचललंस गं?”

“ऐकलेलं आहे, सर.”

“जपून हं. शेड त्याची आहे.” मग पेनचे टोपण दातात धरून त्याने डोळे मिटले. निर्मिती चालू असली की तो असे करी. “शेवटी पाटी उलटी लाव. अजून हसतील.”

पाटी उलटी लावली तर बापाला वाचता येणार नाही आणि सगळे स्किटच पडेल, हे तिने सांगितले नाही. “बरं सर,” म्हणाली. शूटिंगला पाटी सुलटीच होती. कुलदीप त्या वेळी फोनवर होता.

रेकॉर्डिंगला अण्णासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. पाळण्याच्या प्रसंगाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. संपल्यावर त्यांनी निशिगंधाला बोलावून घेतले.

“ह्यो चिखलीचा अर्जुनराव हाय ना? खरं सांग.”

“कोणीच नाही, अण्णासाहेब.”

“न्हाई कसं? त्योच हाय. मसणवट्यातबी पाटी लावलीया त्यानं. मेलेल्या माणसानं काय वाचायची व्हय ती? आमी न्हाई असलं करीत. आमी लावतो ती फकस्त चांगल्या कामाला.”

त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचेच नाव होते. निशिगंधाने मान डोलावली. आरसा समोर धरला की माणूस आधी मागे वळून बघतो, कोण उभे आहे ते. या धंद्यात सगळ्यांची पोटे त्यावरच भरत होती.

एडिटिंग गणराज करायचा. भाग लावून बघताना पाळणा आला, पाटी आली, बाप आला, चित्र गोठले. आणि नेहमीची पिवळी अक्षरे आपोआप उमटली : ‘संकल्पना, लेखन, दिग्दर्शन – कुलदीप तांबे.’

गणराजच्या तोंडातला चहा कीबोर्डवर उडाला. त्याने निशिगंधाकडे बघितले, दाराकडे बघितले आणि रुमालाने कीबोर्ड पुसायला लागला. “मी काही बघितलं नाही, ताई,” तो म्हणाला.

तोवर खुद्द तिच्याही लक्षात आले नव्हते. स्किटचे शेवटचे वाक्य तिने लिहिलेलेच नव्हते. ते दोन वर्षे दर शनिवारी नेमाने येत होते. त्याच्या आधी काय यायला हवे, एवढेच लिहायचे राहिले होते.

दोन दिवसांनी कुलदीपने तिला बोलावले. मुंबईहून चॅनेलच्या स्वरूपा मॅडमचा फोन आला होता. भाग महिला दिनाच्या आठवड्यात दाखवायचा होता आणि पाळण्याच्या स्किटला लेखिकेचे नाव असावे, अशी मॅडमची इच्छा होती. लेखिका आहे का तुमच्याकडे, असे त्यांनी विचारले होते.

“मी म्हटलं, आहे म्हणजे? घडवलीय.” कुलदीप खुर्चीत रेलला. “या स्किटला तुझं एकटीचं नाव. संकल्पना, लेखन, दोन्ही. मोठ्या अक्षरांत. दिग्दर्शन तेवढं माझं राहू दे.”

“आणि बाकीच्या स्किटांना?”

“बाकीचं बघू गं. महिला दिन काय रोज असतो?”

निशिगंधाला टीव्हीपुढे बसलेली आई दिसली. मोठी पिवळी अक्षरे दिसली, निशिगंधा केकाण. मागून बघणारी बिल्डिंग दिसली. मग पाळणा दिसला, पाटी दिसली, बापाचा चेहरा दिसला, आणि त्यावर उमटलेले स्वतःचे नाव. स्किट तिथेच मेले. उरला नुसता गावचा एक पुढारी आणि त्याची पाटी. बरा विनोद.

“दुसऱ्या एखाद्या स्किटला लावाल का, सर? डब्याच्या?”

“ते होऊन गेलं. घ्यायचं तर हेच घे.”

 तिने आजवर लिहिलेल्या सगळ्यांत हे चांगले होते आणि ते उभे राहायला या माणसाचे नाव लागत होते.

“नको, सर. तुमचंच ठेवा.”

“वेडी आहेस का? किती दिवस मागे लागली होतीस.”

“या स्किटला तुमचंच नाव लागतं, सर. दुसरं कोणाचं शोभणार नाही.”

कुलदीपचा हात छातीवर गेला. त्याने तिच्यासमोरच स्वरूपा मॅडमना फोन लावला. “बघा मॅडम, याला संस्कार म्हणतात. हल्ली कुठं मिळतात असे लोक?” मॅडमनी महिला दिनासाठी कपडेपटातल्या बाईंची मुलाखत घ्यायचे ठरवले.

त्याच बैठकीत निशिगंधाने महिनाअखेरीस नोकरी सोडत असल्याचे सांगितले. तेही त्याने मोठ्या मनाने घेतले. इथून जो बाहेर पडून नाव काढील तो आपलाच, असे तो म्हणाला.

शनिवारी चिखलीच्या घरात दाटीवाटीने माणसे बसली होती. पाळणा आला तेव्हा हशा पिकला. मग चित्र गोठले आणि पिवळी अक्षरे उमटली. वडिलांबरोबर प्रेसवर काम केलेले शेजारचे काका आधी हसले. “आयला, पाटी लागली की राव,” ते म्हणाले, आणि मग सगळेच सुटले.

यशोदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या यादी पळून बनियन येईपर्यंत थांबल्या. “आन् तुझं?”

“देत होते, आई. मीच नको म्हटलं.”

काका हसायचे थांबले.  यशोदाबाईंनी पदराने टीव्हीची काच पुसली. ती स्वच्छच होती.

तेवढ्यात निशिगंधाचा फोन वाजला. कुलदीपचा मेसेज होता.

“काय म्हणतोय?”

तिने वाचून दाखवला : “रिस्पॉन्स जबरदस्त. शेवटाला तर सगळे फुटले. म्हटलं होतं ना, पाटी उलटी लाव.”

यशोदाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “उलटी कुठं हुती? सुलटीच तर हुती.”

“हो.”

“मंग ह्यानं बघितलंच न्हाई?”

“बघितलं असेल. पाटीवरचं स्वतःचं नाव तेवढं बघितलं असेल.”

यशोदाबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग हसण्याने त्यांचे खांदे हलायला लागले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या टीव्हीपासून मागे सरकून भिंतीला टेकून बसल्या.