तेल पिणारा गहू

“हे कोणी खरं मानणार नाही,” भगवंतराव म्हणाले, “पण आपल्या रामाकोना गावच्या वावरातला गहू तेल पिऊन राह्यला.”

शकुबाईंनी मान वर केली नाही. सौंसरच्या घराच्या ओसरीत बसून त्या शेवयांची मशीन जुन्या लुगड्यात बांधत होत्या. ती शेजारच्या उर्मिलाला देऊन टाकायची, हे सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. चाळीस उन्हाळे अर्ध्या गल्लीच्या रुखवतात जिच्या शेवया गेल्या, ती बाई म्हणत होती, आता माझ्या हातचं कोणी खाऊ नये.

झालं होतं असं. नागपूरच्या एका दुकानदाराला त्यांच्या शेवया हव्या होत्या, पण आधी तपासणीचा कागद पाहिजे होता. नात सुचिता नागपुरातच प्रयोगशाळेत कामाला. तिनं पुडा नेला आणि आज कागद घेऊन आली. शेवयांत खनिज तेल निघालं होतं.

“आजी, हे खायचं तेल नाही,” सुचिता समजावत होती. “इंजिनात, मशीनीत टाकतात त्या जातीचं आहे. शेवयांतला तेलकट भाग काढून आमच्या यंत्रात सोडला, तं कागदावरच्या रेघेला ही अशी टेकडी आली. कुठून आलं, तेवढं यंत्र सांगत नाही.”

“माह्याच घरून आलं,” शकुबाई म्हणाल्या. “अजून कुठून येईन?”

कुठून आलं ते भगवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. होळी झाली की शेवयांचा हंगाम, आणि दांडा फिरवता फिरवता शकुबाई मनगट धरून बसायच्या. ते बघवेना. म्हणून यंदा त्या जामसांवलीला दर्शनाला गेल्या असताना भगवंतरावांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी शेवयांच्या मशीनच्या दातेरी चाकांवर अर्धी रिकामी केली. पण हे सांगायचं कसं? ज्यानं जन्मात पाण्याचा गिलास आपल्या हातानं भरून घेतला नाही, त्याला बायकोच्या मनगटाची काळजी कबूल करण्यापेक्षा गव्हाला तेल पाजणं सोपं.

“त्या टेकडीचं मी सांगतो,” ते सरसावून बसले. “वावरात बोअर मारला तवा काळं पाणी लागलं. मी काडी ओढली, तं पाण्यानं पेट घेतला. सात दिवस जळून राह्यलं. गावानं त्याच्यावर वांग्याची भाजी शिजवली.”

“सातच दिवस, आबा?”

“आठव्या दिवशी एकादशी होती. इझवलं.”

लुगड्याच्या गाठीवरचा शकुबाईंचा हात थांबला. त्या ऐकताहेत म्हटल्यावर भगवंतरावांना जोर चढला.

“तेच पाणी गहू प्याला. ओंब्या अशा चकचकीत, का चिमणी बसली का घसरे. कणीक इतकी गुळगुळीत, का दांडा एका बोटानं फिरे. तुह्या आजीचा याच्यात काही दोष नाही, पोरी. लिहून घे.”

“मंग गहू तपासायला नेते.”

“ने न. मुठीत नको धरू फक्त, निसटते.”

शकुबाईंनी गाठ सोडली. मशीन मांडीवर घेतली, चाकावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग नवऱ्याकडे वळल्या.

“दांडा एका बोटानं फिरे, हे तुमाले कोणं सांगितलं? मी तं कोणाले बोलली नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “खोटं बोलून राह्यले तुमी. माह्या मनगटासाठी तेल तुमीच सोडलं.”