मोहरावरचा धुरळा

काशीराम सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाला आणि त्याने मुंबईहून जुनी फियाट आणली. गावापासून हातखंब्याच्या मुंबई हमरस्त्यापर्यंतचा रस्ता तांबड्या मातीचा, पण ऐट काय रस्ता बघून येते? पहिल्या दिवशी त्याने लहानपणापासूनच्या दोस्ताला, भागोजीला, हौसेने शेजारी बसवलं. भागोजीचं पोट रस्त्याकडेच्या अकरा आंब्याच्या कलमांवर. ती नुकती मोहरली होती.

"काशा, हितं जरा हळू घी. मोहरावर धुरळा बसला तर आंबा धरायचा नाय. एसटीवालापन हळू घेतो."

एवढंच तो बोलला. पण काशीरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाडी माझी, आणि शिकवणार हा! दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच कचेरीला निघाला. बाकीच्या जागा रिकाम्या, काचा बंद, मागे तांबडा लोट. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आरशात भागोजी दिसे, पंपाने मोहर धुताना. काशीराम मुद्दाम वेग वाढवी. माणूस पन्नाशीतही किती पोरासारखा वागतो बघा!

दोन हंगाम असेच गेले. दुसऱ्या फाल्गुनात तर मोहर काळा पडून गळालाच. बायको, राही, म्हणाली, "आवो, आता तरी हळू हाका." काशीरामने हवेला दोष दिला.

भागोजीच्या बागेतल्या पहिल्या आंब्यांची पाटी देवापुढे ठेवून मग काशीरामच्या घरी यायची, हा दोघांच्या बापांपासूनचा रिवाज. यंदा ती येणार नाही, हे काशीरामने धरूनच ठेवलं होतं. तोंड दाखवायला नको, म्हणून मनातून त्याला बरंही वाटलं होतं.

वैशाखात भागोजी आला. पाटीत गवत, गवतावर एकच आंबा.

"एकच धरला, काशा. मान तुजा हाय. कलमां लाकूडवाल्याला दिली. उद्या पोराकडं मुंबैला जातो."

काशीरामला खूप बोलायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "हातखंब्याला गाडीनं सोडतो तुला."

"नको. एसटी हाय ना," भागोजी म्हणाला. रागाने नाही, अगदी मायेने.

तो गेल्यावर राहीने आंबा धुतला. देठाशी बसलेल्या मातीचं तांबडं पाणी ताटात उतरलं. ते बघून काशीराम ओक्साबोक्शी रडला.

पावसाआधी कलमं तुटली. काशीराम अजून एकटाच कचेरीला जातो. ते अकरा बुंधे आले की गाडी हळू घेतो, इतकी हळू की धुरळा मुळीच उडत नाही.