अर्धा किलो इकडंतिकडं

पोटावरचं जेल पुसायच्या आधीच वैशालीनं विचारलं, "किती भरलं?"

"चार किलो शंभर येतंय," डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "पण हा काटा नव्हे. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. अर्धा किलो इकडंतिकडं होऊ शकतं. कधी जास्तही."

"मग धरायचं काय?"

"मागच्या बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला होता, म्हणून मी सिझर सुचवेन. पण ठरवा तुम्ही."

पेणहून रोह्याला परतताना एसटीत तिला बसवेना. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा ती उगाच उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. शेजारी सुशील होता. धाटावच्या कंपनीत त्याची दुसरी शिफ्ट होती. तो सारखा घड्याळ बघत होता.

घरी किमया अंगणात फ्रॉक बदलत होती. पाच वर्षांची पोर. उजवा हात जन्मापासून खांद्याच्या वर जात नसे, म्हणून डाव्या हातानं आणि दातांनी फ्रॉक ओढून काढायची तिची रीत होती. वैशाली मदतीला वाकली.

"मी करते," किमया म्हणाली.

सासू, मालू, भाकऱ्या थापत होती. चार किलोचा आकडा ऐकून तिनं मान उडवली.

"माजी चार पोरं घरात झाली. तवा कुठं व्हतं मशीन? तू मागल्या टायमाला ऐन वक्ताला जोर सोडलास. या खेपेला नीट लाव, म्हंजे झालं."

गेली पाच वर्षं वैशाली हेच ऐकत आली होती. पहिल्यांदा रडली होती. पुढे पुढे तिलाही ते खरंच वाटू लागलं होतं.

सुशील डबा घेऊन निघाला तशी ती फाटकापर्यंत त्याच्यामागे गेली.

"सिझर करूया."

"आणि मशीन चुकलं असलं तर?"

"तर माजं पोट कापलं जाईल. बाळाचा हात तरी जाणार नाय."

तो गाडीला किक मारायची विसरून तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात पेणला सिझर होऊन मुलगा झाला. काट्यावर भरला साडेतीन किलो. सुशीलनं आकडा दोनदा विचारून घेतला. मालूनं बाळाला मांडीवर घेतलं आणि पुटपुटली, "येवढ्याशा पोरासाठी पोट फाडलंनी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा मालू वाट अडवून उभी राहिली.

"बाय, मशीन येवढं चुकतं?"

"चुकतं, आजी. मी आधीच सांगितलं होतं. कधी जास्त दाखवतं, कधी कमी."

"मागल्या टायमाला?"

"मी जुने कागद पाहिलेत. तेव्हा सव्वातीन दाखवलं होतं. बाळ निघालं चार किलोचं. कुणाला कल्पनाच नव्हती."

मालू हळूच म्हणाली, "पन हिनं जोर लावला असता तर..."

"खांदा हाडामागे अडकला की जोरानं सुटत नाही, आजी. ती काय करणार?"

वैशालीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

दुपारी गावाकडची सरू बाळ बघायला आली. पाळण्यात वाकून म्हणाली, "साडेतीनचंच ना गो? मग कापलंनी कशाला? डॉक्टर लोक आता काय पन करतात."

मालू बाळाची दुपटी घडी करत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "डॉक्टरनी नाय. हिनं सांगितलंन."

"हिनं?"

"व्हय. आनि बरं केलंन."

सरूनं खाटेकडे पाहिलं. वैशालीचे डोळे मिटलेले होते.

"झोपलीय वाटतं," सरू कुजबुजली.

मालूनं हातातली घडी ठेवली, उठून खाटेशी गेली आणि वैशालीचा ओला गाल पदरानं अलगद पुसला.

"व्हय," ती म्हणाली. "झोपू दे तिला."