उघडी पाठवलेली फाइल

तंजावुरात मोडी वाचणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. निवृत्त शिक्षिका चंद्रमती त्यांतली एक. लोकांचे जुने मोडी कागद वाचून ती इंग्रजी भाषांतर करून देई. नव्व्याण्णव साली ती भाषांतरं ईमेलनं जाऊ लागली. गायत्रीच्या कॉम्प्युटर सेंटरात टाइप करायचं, पासवर्ड घालायचा, मग पाठवायचं. पासवर्ड घातला की गिऱ्हाइकाला फाइल नुसती वाचता येई, बदलता येत नसे.

तिचे मावसभाऊ वरुणराव यांनी चेन्नईहून येऊन आपल्या आजोबांचं, घरात कोणालाच मोडी येत नसल्यानं इतकी वर्षं न वाचता पडलेलं मृत्युपत्र तिच्याकडे दिलं. घर विकायचं होतं. शेवटी आजोबांनी लिहिलं होतं, ‘माझी लेक हिरा लहानपणीच विधवा झाली. मागच्या दोन खोल्या हयातीपर्यंत तिच्या. तिला कोणी ऊठ म्हणू नये.’

चंद्रमतीचे डोळे भरून आले. वरुणरावांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची हिराआत्या त्याच खोल्यांत राहत होती. धावत जाऊन तिला सांगावं असं वाटलं. पण मृत्युपत्र घरच्या कर्त्यानंच सगळ्यांना बसवून वाचायचं, अशी त्यांच्यात रीत. ती गप्प राहिली. मूळ कागद वरुणराव परत घेऊन गेले.

मग त्यांचा फोन आला. “चंद्री, फाइल उघडीच पाठव. तारखा वकील नीट करील.”

“अण्णा, काय बदलायचं ते सांगा, मीच बदलते.”

“माझ्यावर कुलूप? सायकलच्या दांडीवर बसवून तुला शाळेत कोण नेत होतं गं?”

गायत्री म्हणाली, “अक्का, भाऊ असो की देव, पासवर्ड घालू या.”

“राहू दे. घरच्या माणसाला कडी लावतात का?”

दोन महिन्यांनी घर विकल्याचं कळलं. चंद्रमती तिकडे धावली. हिराआत्या बोचकं बांधत होती; पापनाशमला पुतणीकडे निघाली होती. कोनाड्यात भाषांतराची प्रत होती. खाली चंद्रमतीचं नाव होतं. शेवटचा परिच्छेद नव्हता.

तिनं कोपऱ्यावरच्या बूथवरून वरुणरावांना फोन लावला.

“मूळ कागद? वाळवीनं खाल्ला,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती परत आली तेव्हा आत्या शांतपणे गाठ मारत होती. “वरुणानं सगळ्यांना बसवून वाचलं. बाबांनी गाईची सोय लिहिली होती, माझी नाही. मी म्हटलं, पुन्हा वाच. तो म्हणाला, चंद्रीनं लिहिलंय, खाली तिचं नाव बघ. मग मी विक्रीच्या कागदावर अंगठा लावला.”

“आत्या, होतं तुझं नाव! मी माझ्या हातानं लिहिलं. तिला कोणी ऊठ म्हणू नये, असं होतं.”

आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. “वेडी. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. तू लिहिलेलं कधी चुकत नाही, हे गावाला ठाऊक आहे.”

चंद्रमतीनं ती ओळ पुन्हा म्हणून दाखवली. मग आणखी एकदा. लहान पोरीची थाप ऐकावी तशी आत्या मान डोलावत ऐकत राहिली.